पांढऱ्या बियांची वाघनखी

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की आपण काय करतो? उठून दार उघडतो, की आधी पडद्याची कड बोटभर सरकवून बघतो? खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांचे पाय आधी खिडकीकडेच वळतात. रोज कानांवर काय काय पडत असतं! त्यात घरात लहान मूल असलं तर बोलायलाच नको. पण त्या बोटभर फटीतून आपल्याला किती दिसतं आणि किती दिसायचं राहून जातं, याचा हिशेब आपण सहसा करत नाही. नोरीनवर तो करायची वेळ आली, म्हणून तिची ही गोष्ट.

नोरीन सातासमुद्रापलीकडच्या एका वाळवंटातल्या ओओधम या आदिवासी लोकांपैकी. जन्म तिथल्याच एका गावातला, पण ती लहान असतानाच तिची आई पेट्रा टुसॉन शहरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली आणि नोरीन शहरात वाढली. शाळा तिथे, कॉलेज तिथे, लग्नही तिथेच. पेट्रा मात्र नोकरी संपताच गावी परतली, घरामागची जमीन पुन्हा कसू लागली, टोपल्या विणू लागली. मग एका हिवाळ्यात ती गेली आणि तिचं घर राखायला नोरीन, नवरा डॅरेल आणि तीन वर्षांची जोसी अशी तिघं गावात येऊन राहिली. डॅरेल रस्तेदुरुस्तीच्या पथकात. सकाळी जो जायचा तो उन्हं उतरल्यावरच घरी. दिवसभर घरात मायलेकी, आणि बाहेर ऊन, धुळीचा रस्ता, मधूनच जाणारी सरहद्दीच्या गस्तीची गाडी. शहरात भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचा खोकला तरी ऐकू यायचा. इथे शेजारचं घर म्हणजे कोरड्या ओढ्यापलीकडचं अल्विनामावशीचं, आणि तेही हाकेच्या बाहेर.

स्वयंपाकघरात खिळ्याला एक अर्धी टोपली टांगलेली होती. पेट्राने ती जोसीसाठी विणायला घेतली होती. तळ झाला होता, कड चार बोटं वर आली होती, पांढऱ्यावर काळी नक्षी नुकती फुटू लागली होती आणि तिथेच हात थांबला होता. ती काळी नक्षी रंगवलेली नसते. वाघनखीची शेंग वाळली की तिची दोन लांब, वाकडी नखं होतात. ती भिजवायची आणि त्यांची साल पट्टीसारखी सोलायची. तिचा काळा रंग कधी उतरत नाही. आपल्याकडच्या वाघनखीची ही वाळवंटातली बहीण. इथे तिला इहुग म्हणतात. ओढ्याकाठी, गुरांच्या वाटेवर ती आपसूक उगवते आणि एका पावसाळ्यात वाढून, फुलून, वाळून जाते. पण त्या रानटी वाघनखीची नखं आखूड आणि बी काळं. पांढऱ्या बियांची, लांबलचक नखांची जी जात आहे ती बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून अंगणात जपली. टोपलीला तीच लागते. आखूड नखाची पट्टी दोन टाक्यांत संपते आणि विणीत नुसत्या गाठीच दिसतात.

पांढरं बी कॉफीच्या एका डब्यात होतं, मूठभर. नोरीनने ठरवलं, हे आईचं बी वाढवायचं, विणायला शिकायचं आणि जोसीची टोपली पुरी करायची. आईचं आणखी काही पुढे नेणं तिला जमण्यासारखं नव्हतं. भाषा अर्धवट येत होती, गाणी येतच नव्हती. हे बी तेवढं हातात होतं, आणि तेही हातचं जाईल की काय या विचाराने तिचा जीव कायम टांगणीला लागलेला असे.

उन्हाळी पावसाचे ढग डोंगरावर जमायला लागले आणि गावातल्या बायका खुरपी शोधायला लागल्या, तेव्हाच ती पिकअप पहिल्यांदा आली.

अल्विनामावशीची पिकअप जुनी, एका बाजूचा दिवा फुटलेला. अंगणाच्या कडेला येऊन थांबली, इंजिन बंद झालं आणि मावशी आतच बसून राहिली. उतरली नाही, हाक मारली नाही, हॉर्न वाजवला नाही. काच खाली, कोपर बाहेर, नजर घरामागच्या वाफ्यांकडे. मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी. नोरीन पडद्याआडून बघत राहिली. जोसी बोलेल म्हणून तिच्या हातात बिस्किट दिलं. बऱ्याच वेळाने गाडी सुरू झाली, धूळ उडाली आणि नोरीनने रोखलेला श्वास सोडला.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा.

अल्विना म्हणजे गावातली नावाजलेली विणकरीण. जीभ तिखट, हात त्याहून तेज. जत्रेत तिच्या टोपल्या मांडायला वेळ, उचलायला नाही. नोरीनने तिला आईच्या अंत्यविधीला पाहिलं होतं, तेव्हाही ती कोपऱ्यात गप्प उभी होती. या बाईला आपल्या घराशी काय काम असणार? पेट्रा गेली, पोरीला काही कळत नाही, वाफे रिकामे आहेत, बी घरात आहे. नोरीनला ते सगळं लख्ख दिसायला लागलं.

डॅरेलला सांगितलं तर तो म्हणाला, "सावलीला थांबत असेल म्हातारी."

"तिथे कडेला सावली कुठाय?"

"मग तुला बघायला येत असेल. तुझ्या होस्टेलखाली मी नव्हतो का तासन्‌तास बसत?"

तो हसला. ती हसली नाही. दुसऱ्याच दिवशी बियांचा डबा फळीवरून पिठाच्या पिंपामागे गेला.

पाऊस दोनदा चांगला होऊन गेल्यावर तिने आई करायची तसे हातभर अंतरावर खळगे केले आणि बी टाकलं. जुनं होऊन मरायला नको म्हणून डब्यातलं सगळंच टाकलं. पांढरं बी लगेच उठतं. आठवडा उलटायच्या आत जाड, लवदार पानं वर आली. तेव्हापासून नोरीनला दोन लेकरं झाली म्हणायला हरकत नाही. पानं चिकट आणि उग्र वासाची, म्हणून जोसीने हात लावला की साबणाने हात धुवायचे. आणि ऊन कडक, म्हणून रोपांना रोज बादलीने पाणी. क्लेमेंटमामाने ते एकदा पाहिलं. हा पेट्राचा धाकटा भाऊ, गावाच्या दुसऱ्या टोकाला थोडी गुरं बाळगून राहणारा.

"हिचे इतके लाड करू नकोस," तो म्हणाला. "पाण्याच्या शोधात हिची मुळं खोल जातात. तू तोंडाशी आणून दिलंस तर ती कशाला जातील? नुसती पानं माजतील."

नोरीनने मान डोलावली आणि तो गेल्यावर पुन्हा बादली भरली.

ओढ्याकडच्या खोलगट जागेत तशीच रोपं आपोआप वर आली होती. आईच्या हातून सांडलेलं बी असणार! नोरीनला भरून आलं. तिने त्यांनाही पाणी घालायला सुरुवात केली. त्याच सुमारास टुसॉनहून तिची कॉलेजातली मैत्रीण आली, अंगणभर हिंडली, फुलांचे पुष्कळ फोटो काढून गेली. दोघी फाटकापाशी बोलत उभ्या होत्या तेव्हा अल्विनाची पिकअप रस्त्यावरून गेली. या वेळी ती थांबली नाही, नुसती हळू झाली.

आणि मग एका सकाळी नोरीन जोसीला कडेवर घेऊन ओढ्याकडे गेली, तर तिथे अल्विना ओणवी होऊन रोपं उपटत होती. बाजूला ढीग झाला होता. फुलं अजून ताजी होती.

"मावशी, हे काय करताय?"

अल्विनाने वळून पाहिलं. "रान काढतेय."

"ते रान नाही. ती आमची वाघनखी आहे."

"तुमची," अल्विना म्हणाली. तो शब्द तिने तोंडात घोळवून पाहिल्यासारखा केला. मग हातातलं रोप खाली टाकलं, चिकट हात झग्याला पुसले, पोरीकडे एकदा पाहिलं. "बरं. तुमची तर तुमची." आणि ओढा ओलांडून चालती झाली. ना खुलासा, ना भांडण. नोरीनच्या दृष्टीने याहून मोठा पुरावा नव्हता. निर्दोष माणूस असा गप्प जातो का?

त्या रविवारी डॅरेलने खांब रोवले आणि तार ओढली. तो कुरकुरला, या गावात गुरांसाठी कुंपण घालतात, माणसांसाठी नाही. पण त्याने ती ओढली. वाफे आत आले, आणि नोरीनच्या हट्टाने ओढ्याकडची खोलगट जागाही आत आली. अल्विनाने उपटायची राहिलेली रोपं तिथे चांगली फोफावली, फुलली. मधमाश्यांची नुसती ये-जा. गावात ही बातमी जायला वेळ लागला नाही. दुकानात कोणीतरी नोरीनला ऐकू जाईल असं म्हणालं, "पेट्राच्या शेंगांना आता पासपोर्ट लागतो म्हणे." पिकअप यायची थांबली. नोरीनला वाटलं, तारेने काम केलं.

शेंगा वाळल्या, हिरवं साल गळून पडलं, नखं उघडली. वाफ्यातली लांब, बारीक, आतून पांढरंशुभ्र बी. खोलगट जागेतली आखूड, बी काळं. म्हणजे ती रानटीच होती तर! क्षणभर नोरीनला ओशाळल्यासारखं झालं. पण शंकेची एक गंमत असते बघा, तिला खायला काहीही चालतं. नोरीन स्वतःला म्हणाली, आज रानटी उपटून आपल्या नजरेला सवय लावायची, उद्या वाफ्यात शिरायचं, असाच बेत असणार. त्या वर्षीची नखं तिने भिजवून सोलायला घेतली तर निम्मी हातात तुटली. हरकत नव्हती. हे वर्ष शिकण्याचं; पुढच्या पिकावर टोपली पुरी करायची. सगळं पांढरं बी डब्यात गेलं.

नोव्हेंबरात, मेलेल्या माणसांच्या नावाने घरोघर जेवणं घालतात तेव्हा, नोरीननेही आईसाठी पान मांडलं. तेपारी घेवड्याची आमटी, लाल मिरचीतलं मटण, हातभर रुंदीच्या पातळ रोट्या. या दिवशी कुणाला नाही म्हणायचं नसतं. अल्विनाही आली. जेवली, पेट्राच्या फोटोपुढे बसली, खिळ्यावरच्या अर्ध्या टोपलीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि पिठाच्या पिंपाजवळून बाहेर पडली. नोरीनने ते मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात रोपं अशी माजली की पाहणारा थांबून पाही. डॅरेलने कोवळ्या शेंगा भेंडीसारख्या परतून खाल्ल्या आणि आणखी मागितल्या. नोरीन मात्र त्यापुढे एकही तोडू देईना. जोसीची टोपली या वर्षी पुरी व्हायची होती. आणि शेंगा वाळल्यावर पहिलं साल सोललं तेव्हा तिच्या हातात आलं ते आखूड, जाडजूड नख, आणि आत कोळशासारखं बी. दुसरी शेंग, तिसरी शेंग, तेच. कुठे राखाडी, कुठे एखादं चुकलेलं पांढरं. ती वाफ्यातून वाफ्यात फिरत शेंगा फोडत राहिली. नखं बोचून हात रक्ताळले. जोसी रडायला लागली तेव्हा ती भानावर आली.

पेरलेलं बी पांढरं होतं, तिने स्वतः पाहिलं होतं. पण सगळं पांढरं होतं का? डबा तिने नीट चाळला होता का? नोव्हेंबरात कोण आलं होतं? पिठाच्या पिंपाजवळून कोण गेलं होतं? एकेक गोष्ट जागच्या जागी बसत गेली. चांगलं बी काढून नेलं आणि तिथे वाईट ठेवलं, वरून पांढरं पसरून! पुढच्या आठवड्यात गावच्या संताची जत्रा होती. सगळ्या बायका चर्चमागच्या स्वयंपाकघरात रोट्या लाटायला जमणार होत्या. तिथेच, सगळ्यांसमोर, अल्विनाला चोर म्हणायचं असं तिने ठरवलं. डॅरेलने विनवलं, ती ऐकेना. शेवटी त्याने क्लेमेंटमामाला निरोप धाडला.

मामा आला तेव्हा नोरीन अंगणातल्या मांडवाखाली काळ्या बियांची परात पुढ्यात घेऊन बसली होती. तिने सगळं एका दमात सांगितलं. पिकअप, मांडीवरचं फडकं, उपटलेली रोपं, नोव्हेंबरातलं जेवण. ऐकून झाल्यावर मामा उठून तारेपर्यंत गेला, खोलगट जागेत डोकावला आणि परत येऊन बसला.

"तिथली रानटी तू दोन्ही वर्षं राखलीस?"

"हो. मुळाला हात नाही लावला."

"मधमाशीला तार दिसत नाही गं, पोरी."

तो काय म्हणतोय ते नोरीनला लगेच कळलं. कॉलेजात ती हे शिकली होती. फक्त आपल्या अंगणात तसं होत असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. काळ्याचा पराग पांढऱ्यावर बसला की त्या वर्षी काहीच दिसत नाही, बी पांढरंच राहतं. त्या बियांतून पुढच्या वर्षी जे उठतं, ते असं. परातीतलं चुकार पांढरं बी मामाने बोटाने बाजूला केलं. "हेही आता पांढरं राहील याचा भरवसा नाही," तो म्हणाला. मग त्याने सांगितलं, काळं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि मर्जीला येईल तेव्हा उठतं, म्हणून ज्यांच्या घरी पांढरी वाघनखी असते त्यांच्या आसपासची रानटी दर उन्हाळ्यात फुलायच्या आत उपटावी लागते. पेट्रा अल्विनाच्या ओढ्याकडची उपटायची, अल्विना पेट्राच्या. जिला आधी दिसली तिने उपटायची. विचारायचं काय त्यात?

"मग मला सांगायचं ना तसं! रान काढतेय म्हणाली नुसतं."

"रानच काढत होती ती."

"आणि गाडीत बसून पाळत ठेवत होती, ते?"

"गाडीत बसायची? इंजिन बंद करून?"

"हो."

"काच खाली?"

"हो मामा. तासभर. सारखी घराकडे बघत."

मामाने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"शहरात दाराला घंटा असते," तो म्हणाला. "इथे कुणी कुणाचं दार ठोठावत नाही. येणारं माणूस अंगणाच्या कडेला थांबतं. घरातलं कुणी बाहेर आलं तर उतरतं. नाही आलं तर समजतं की आज नको आहे, आणि निघून जातं. तुझ्या आईकडे मीसुद्धा असाच थांबायचो. नोरीन, ती पाळत ठेवत नव्हती गं. ती थांबली होती."

नोरीनचा धक्का लागून पुढ्यातली परात कलंडली. काळं बी मातीत सांडलं आणि कुणी ते उचललं नाही. किती वेळा आली होती ती पिकअप! किती वेळा आपण जोसीच्या तोंडात बिस्किट कोंबून तिला गप्प केलं! एक बाई आपल्या दारात येऊन, आपण बाहेर यावं म्हणून उन्हात बसून राहिली होती, आणि आपण फटीतून तिचा चेहरा वाचत होतो. वाचता येत नसताना.

"पण तिला माहीत होतं ना, मी शहरात वाढले ते? मग?" तिने शेवटचा प्रयत्न केला.

"होतं की. तिचीही चूक आहे. एकदा हॉर्न वाजवला असता तर तिचं काही बिघडलं नसतं," मामा म्हणाला. "पण हे बघ, दोन माणसं एकमेकांकडे बघत बसतात आणि कुणी एकही प्रश्न विचारत नाही, तेव्हा जे वाढतं ते या काळ्यासारखंच. त्याला पाणी घालावं लागत नाही. आता चोर म्हणायला चर्चमध्ये जायचं की दुसरीकडे कुठे, ते तुझं तू ठरव."

दुसऱ्या दिवशी दुपारी नोरीन जोसीला घेऊन अल्विनाच्या अंगणाच्या कडेला गेली. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, काच खाली केली. आणि बसून राहिली.

घराचा पडदा हलला. मग स्थिर झाला. दार काही उघडलं नाही.

गाडी तापली. जोसीने पाणी मागितलं, आणलेलं संपलं. ती कुरकुरायला लागली. उतरून दार ठोठावावं असं नोरीनच्या मनात फार वेळा आलं. आतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय, आपल्याविषयी काय वाटेल ते ठरवतंय, आणि आपल्याला काहीच सांगता येत नाही, हे कसं असतं ते तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. ती बसून राहिली. मेस्किटच्या झाडाची सावली गाडीच्या टपावरून सरकत पलीकडे गेली.

शेवटी दार उघडलं. अल्विना पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आधी जोसीला पाजलं, मग नोरीनकडे वळली.

"काय गं, माझ्या घरावर पाळत ठेवलीस की काय?"

"नाही मावशी. थांबले होते."

अल्विनाने तिला नीट न्याहाळलं. "कुणी शिकवलं?"

"मामाने."

"त्याने? त्याला स्वतःला कधी थांबता आलं नाही. सरळ आत घुसतो आणि भांड्यावरचं झाकण उचलतो." तिने गाडीचं दार उघडलं. "उतर. पोरगी भाजून निघाली."

मांडवाखाली बसल्यावर नोरीनने काही लपवलं नाही. जत्रेत तुम्हाला चोर म्हणणार होते, हेही सांगितलं. ते ऐकून अल्विनाचा चेहरा असा झाला की नोरीनला वाटलं, आता उठून जा म्हणणार. पण ती बोलायला लागली तेव्हा आवाज खाली आला होता.

"तुझी ती फोटोवाली मैत्रीण आली ना, तेव्हा मला वाटलं, पेट्राचं सगळं आता शहरात काचेच्या कपाटात जाणार. तू तार ठोकलीस तेव्हा राग आला. आणि खरं सांगू? जरा बरंही वाटलं. म्हटलं, आत रानटी आहे, मिसळू दे. हिला कशाला सांगू? चोरी मी केली नाही, पण होऊ दिलं. मीसुद्धा पडद्याआडूनच बघत होते."

मग ती घरात गेली आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. नोरीनने ते फडकं ओळखलं. अल्विनाने गाठ सोडली. पांढरं बी, चांगलं ओंजळभर.

"मी आणि पेट्रा, हिवाळ्यात एकमेकींचं बी सांभाळायचो. माझं तिच्याकडे, तिचं माझ्याकडे. दुसरीचं असलं की माणूस जास्त जपतं. पेरणीच्या दिवसांत अदलाबदल. त्या वर्षी हे घेऊनच मी तुझ्या दारात येत होते. तू बाहेर आली नाहीस. मग मी हे माझ्या अंगणात पेरलं, मरायला नको म्हणून. हे तुझ्या आईचं."

"मग आमच्या डब्यातलं?"

"ते माझं होतं."

ज्या बाईपासून लपवायला तिने डबा पिठाच्या पिंपामागे ठेवला, तार ओढली, गावाची बोलणी खाल्ली, ते बी त्याच बाईचं होतं! आणि आईचं बी या बाईने दोन उन्हाळे वाढवून जिवंत ठेवलं होतं. तिने डोकं खाली घातलं. अल्विनाने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, समजूतही काढली नाही, नुसतं म्हणाली, "रडायचं असेल तर तिकडे बघून रड. बी भिजेल."

जोसी मोठ्याने हसली, का ते तिचं तिलाच माहीत. मग त्या दोघीही हसल्या.

जत्रेआधी तार निघाली. डॅरेलने ती गुंडाळून मामाच्या गोठ्याला दिली. म्हणाला, आता योग्य पाहुण्यांसाठी लागली. हिवाळाभर नोरीन अल्विनाकडे शिकायला जात राहिली. अल्विना तिची वीण पाहून नाक मुरडायची, उसवायला लावायची, पुन्हा घालायला लावायची. काळ्या पट्ट्या अल्विनाच्या अंगणातल्या, म्हणजे पेट्राच्याच. वसंतात जोसीची टोपली पुरी झाली. पेट्राची वीण कुठे संपते आणि लेकीची कुठे सुरू होते ते लांबूनही दिसतं, कारण वरचा भाग जरा वाकडा आहे. ती तशीच राहू द्यायची असं तिघींनी ठरवलं.

पुढच्या पेरणीआधी नोरीन पहाटे ओढा ओलांडून अल्विनाच्या कडेची रानटी वाघनखी उपटायला गेली. हात चिकट झाले, वास अंगाला बसला. जोसीने विचारलं, आपलं अंगण सोडून आपण मावशीचं का साफ करतोय? नोरीन म्हणाली, "कारण तिचं बिघडलं तर आपलंही बिघडतं. आणि आपलं बिघडत असलं तर ते आधी तिलाच दिसतं."

मित्रहो, आपल्याही घराला पडदे आहेत आणि राहतील. लहान मुलं आहेत, काळजी आहे; सावध असू नये असं कोण म्हणेल? पण सावधपणाने दार उघडून विचारता येतं, "काय काम होतं?" शंकेला तेवढंच जमत नाही. जे जपायचं म्हणून आपण तारेच्या आत घेतो, ते पुष्कळदा पलीकडच्या माणसाच्याच जिवावर जगत असतं. तेव्हा कुणाला चोर ठरवण्याआधी एकदा बाहेर या. विचारा. ते माणूस कदाचित आपलंच काहीतरी परत द्यायला आलेलं असेल.

परवा संध्याकाळी ती पिकअप पुन्हा अंगणाच्या कडेला थांबली. इंजिन बंद झालं. नोरीनचे हात पिठात होते. सवयीने तिची मान खिडकीकडे वळली. पण तोवर जोसी दार उघडून धावत अंगणात पोचली होती.

"मावशी आजी, उतर ना," ती ओरडत होती, "आई घरातच आहे!"